पाण्याच्या आधीचे दिवस : ॲन सुलिव्हन यांचे जीवन

दरवर्षी जून महिन्यात प्रवेशासाठी पालक आमच्या शाळेत येतात, तेव्हा एक दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. आई-वडील दोन मुलांना घेऊन येतात. एकाचा दाखला, गुणपत्रक, जातीचे प्रमाणपत्र टेबलावर मांडले जाते. दुसरे मूल दाराबाहेर आजीचा हात धरून उभे असते. त्याला नीट ऐकू येत नाही, किंवा बोलता येत नाही, किंवा सात वर्षांचे होऊनही त्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. त्याच्याविषयी विचारले की आई मान खाली घालते आणि ते मूल असेच आहे, त्याचे काही व्हायचे नाही, असे सांगून पुन्हा पहिल्याच्या कागदांकडे वळते.

आपल्या स्मरणिकांतून आजवर तथागत, जोतीराव आणि सावित्रीबाई, राजर्षी शाहू, बाबासाहेब आणि माता रमाई यांची चरित्रे आली आणि ती येतच राहिली पाहिजेत. यंदा मात्र दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला समोर ठेवून आम्ही एका परदेशी शिक्षिकेचे जीवन सांगणार आहोत. हेलन केलर हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांमुळे घरोघरी पोहोचले आहे. त्यांना घडविणाऱ्या ॲन सुलिव्हन यांच्याविषयी मात्र एका ओळीपलीकडे सहसा कोणी सांगत नाही.

ॲन सुलिव्हन यांचा जन्म 14 एप्रिल 1866 रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फीडिंग हिल्स या खेड्यात झाला. आई-वडील आयर्लंडहून पोटासाठी आलेले. बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ झाला, त्यानंतर लक्षावधी माणसे अशीच समुद्र ओलांडून अमेरिकेत आली होती. तेथे त्यांच्या वाट्याला अंगमेहनतीची, हलकी समजली जाणारी कामे आली. ॲनीच्या घरात अक्षरओळख कोणाला नव्हती. वडिलांना दारूचे व्यसन होते, आईला क्षयाने ग्रासले होते. ॲनी पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्यांचा आजार जडला. आज साध्या औषधाने बरा होणारा हा आजार. पण गरिबाच्या घरात तो वाढत गेला आणि तिची दृष्टी अधू झाली. ती आठ वर्षांची असताना आई वारली. पुढे वडिलांनी मुलांना सोडून दिले. नातेवाइकांनी काही काळ सांभाळले, आणि 22 फेब्रुवारी 1876 रोजी दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील ॲनीला आणि तिचा धाकटा भाऊ जिमी याला ट्यूक्सबरी येथील सरकारी दरिद्रालयात पोहोचविण्यात आले.

जिमीच्या खुब्याच्या हाडाला क्षय झाला होता. तो कुबडी घेऊन चालत असे. म्हणजे ॲनीच्या आयुष्यात आलेले पहिले अपंग मूल हा तिचा सख्खा भाऊच होता, आणि त्याची काळजी घेणारी ती स्वतः अर्धवट आंधळी होती. दरिद्रालयात म्हाताऱ्या, आजारी, वेड लागलेल्या बाया आणि टाकून दिलेली अर्भके यांची एकत्र दाटी होती. मृतदेह ठेवण्याची खोली मुलांच्या झोपण्याच्या जागेपासून दूर नव्हती. काही महिन्यांतच जिमी वारला. रात्री जाग आल्यावर ॲनी शेजारची खाट चाचपडू लागली तेव्हा खाट तेथे नव्हती. पुढे 1883 साली राज्याचे गव्हर्नर बेंजामिन बटलर यांनी या संस्थेच्या कारभाराची चौकशी लावली आणि तिच्यातील अनागोंदी राज्यभर गाजली. पण जिमीच्या दृष्टीने ती चौकशी सात वर्षे उशिरा आली.

ॲनी त्या जागी चार वर्षांहून अधिक काळ राहिली. डोळ्यांवर झालेल्या शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही. आंधळ्या मुलांसाठी शाळा असते, एवढी एकच गोष्ट तेथील कोणीतरी तिच्या कानावर घातली होती, आणि ती तिने मनात घट्ट धरून ठेवली. राज्याच्या धर्मादाय मंडळाचे प्रमुख फ्रँक सॅनबॉर्न पाहणीसाठी आले, तेव्हा पुढे चालणाऱ्या अस्पष्ट आकृतींपैकी सॅनबॉर्न कोण हेही तिला दिसत नव्हते. तरी ती त्या घोळक्यात घुसली आणि मला शाळेत जायचे आहे, असे ओरडून सांगू लागली. शिक्षणाचा हक्क कोणी ताटात वाढून देत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर 1880 मध्ये ती बोस्टन येथील पर्किन्स या अंधांच्या शाळेत दाखल झाली. तिचे वय चौदा होते आणि तिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

पर्किन्स ही निवासी शाळा होती. तेथील मुली बऱ्या घरच्या होत्या. या नव्या मुलीजवळ धड कपडे नव्हते, तिची भाषा रांगडी होती, आणि चौदाव्या वर्षी ती लहान मुलांबरोबर मुळाक्षरे गिरवीत होती. तिला हसणारे हसले. ती चिडली, भांडली, शिक्षकांना उलट बोलली; एक-दोन वेळा तिला काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. पण वसतिगृहाच्या कामकाज पाहणाऱ्या सोफिया हॉपकिन्स यांनी तिला मायेने जवळ केले आणि सुटीत ज्या मुलीला घरच नव्हते तिला त्या आपल्या घरी नेऊ लागल्या. वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना अशा एखाद्या माणसाचे मोल ठाऊक आहे. याच काळात पुन्हा झालेल्या शस्त्रक्रियांमुळे ॲनीला बऱ्यापैकी दिसू लागले. 1886 साली ती आपल्या वर्गात पहिली आली आणि निरोप समारंभाचे भाषण तिने केले.

या शाळेत आणखी एक गोष्ट तिच्या पदरी पडली. लॉरा ब्रिजमन या अंध आणि बहिऱ्या बाई तेथेच राहत असत. शाळेचे संस्थापक संचालक डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाव यांनी 1837 पासून त्यांना शिकविले होते. तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर लिहून त्यांच्याशी बोलता येत असे. ॲनीने ती बोटांची मुळाक्षरे त्यांच्याशी गप्पा मारता याव्यात म्हणून शिकून घेतली. पुढे हीच विद्या तिची उपजीविका आणि तिचे जीवितकार्य ठरणार आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

इकडे दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, टस्कम्बिया या गावी, 27 जून 1880 रोजी जन्मलेली हेलन केलर एकोणीस महिन्यांची असताना तापाने आजारी पडली. ताप उतरला, पण दृष्टी आणि ऐकणे दोन्ही गेले होते. मूल वाढत गेले तशी त्याची तडफड वाढत गेली. आपल्याला काय हवे ते कोणाला कळत नाही, म्हणून हेलन लाथा झाडी, ओरबाडी, भांडी फेकी. एकदा तिने आईला कोठीघरात कोंडून किल्ली लपविली. काही नातेवाइकांचे मत पडले की, ही मुलगी मतिमंद आहे, हिला घरात ठेवण्यात अर्थ नाही. पण आई केट केलर यांनी लॉरा ब्रिजमनविषयी वाचले होते. एका मुलीच्या बाबतीत झाले ते दुसरीच्या बाबतीत का होऊ नये, या आशेने आई-वडील डॉक्टरांकडे, तेथून टेलिफोनचे संशोधक आणि बहिऱ्यांचे शिक्षक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे आणि त्यांच्या सल्ल्याने पर्किन्स शाळेकडे वळले. शाळेचे तेव्हाचे संचालक मायकल अनाग्नोस यांनी ॲन सुलिव्हन यांचे नाव सुचविले.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने एका गोष्टीकडे डोळेझाक करता कामा नये. हेलनचे वडील कॅप्टन आर्थर केलर यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढले होते. गुलामगिरी कायद्याने संपून वीस-बावीस वर्षे झाली होती, पण केलरांच्या घरी स्वयंपाक, धुणे, घोड्यांची देखभाल ही कामे काळे लोकच करीत होते. स्वयंपाकिणीची लहान मुलगी मार्था वॉशिंग्टन ही हेलनची खेळगडी होती. हेलनच्या हातवाऱ्यांचा अर्थ मार्था सहज ओळखत असे. दोघी कोंबड्यांना दाणे घालीत, स्वयंपाकघरात लुडबूड करीत. मोठ्या माणसांना जे मूल निर्बुद्ध वाटत होते, त्याच्याशी एक काळी मुलगी रोज बोलत होती. मार्थाला कोणी शाळेत घातले की नाही, याची विचारपूस मोठ्या चरित्रांत फारशी नाही. आम्ही मात्र तिचे नाव या पानावर आदराने लिहून ठेवतो.

3 मार्च 1887 रोजी ॲन सुलिव्हन टस्कम्बियाला उतरल्या. वय वीस. हेलन त्या वेळी सहा वर्षे आठ महिन्यांची होती. पुढे ती आयुष्यभर त्यांना टीचर म्हणत राहिली. आपल्या शाळेच्या भाषेत त्या बाई होत. बाईंनी पर्किन्सच्या अंध मुलांनी पाठविलेली बाहुली बरोबर आणली होती. ती हेलनच्या हाती देऊन त्यांनी तिच्या तळहातावर बाहुली या शब्दाची इंग्रजी अक्षरे लिहिली. हेलनने बोटांचा खेळ समजून त्यांची नक्कल केली. अर्थ तिला कळला नव्हता.

यानंतर एक महिन्याने हातपंपावर जे घडले ते सर्वांना माहीत आहे. आम्हांला त्या आधीचे तेहतीस दिवस अधिक मोलाचे वाटतात; कारण अपंग मूल वाढविणाऱ्या घराचे सारे आयुष्य अशाच दिवसांचे असते. सुदैवाने बाई हॉपकिन्सबाईंना नियमित पत्रे लिहीत होत्या, त्यामुळे या दिवसांचा हिशेब शिल्लक आहे.

जेवणाच्या टेबलावर हेलन प्रत्येकाच्या ताटात हात घालून हवे ते उचलीत असे. आंधळे पोर म्हणून घरच्यांनी ते चालवून घेतले होते. बाईंनी आपल्या ताटाला हात लावू दिला नाही. आकांत झाला. घरची माणसे दुःखाने उठून गेली. बाईंनी दार लावून घेतले. हेलनने चमच्याने स्वतःच्या ताटातले खावे आणि जेवण झाल्यावर रुमालाची घडी करावी, एवढीच त्यांची मागणी होती. खाणे झाले, पण रुमालाच्या घडीसाठी आणखी तासभर झुंज चालली. अखेर घडी झाली. बाई आपल्या खोलीत गेल्या आणि पलंगावर पडून रडल्या. त्या दिवसाची कमाई म्हणजे ती एक घडी.

घरात राहून हे जमणार नाही, कारण हेलन रडली की वडील विरघळतात, हे ओळखून बाईंनी जवळच्या बागेतील छोट्या घरात दोघींनीच राहण्याची परवानगी मागितली. हेलनला जागा ओळखू येऊ नये म्हणून तिला घोडागाडीतून लांबचा फेरा मारून तेथे नेले. आई-वडील रोज येऊन खिडकीतून पाहून जात. मुलीला ते कळत नसे. एकदा सकाळी उशिरापर्यंत मुलीने कपडे घातलेले नाहीत असे पाहून वडील इतके व्याकूळ झाले की, या उत्तरेकडच्या पोरीला परत बोस्टनला धाडावे, असे त्यांच्या मनात आले. कोणत्या बापाच्या मनात आले नसते? पण त्यांनी ते केले नाही, आणि आईने तर ठामपणे साथ दिली. शिक्षकाच्या यशात पालकाच्या या संयमाचा वाटा मोठा असतो.

त्या छोट्या घरातील प्रगती मोजायची झाली तर ती कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती. हेलनने मणी ओवले. तिने क्रोशाने दोऱ्याची साखळी विणली. साखळी खोलीभर लांब झाली तेव्हा तिने ती आपल्या गालाशी लावून स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. तिने बाईंना जवळ बसू दिले, आपला पापाही घेऊ दिला, पण स्वतः मात्र अजून त्यांचा पापा घेतला नव्हता. एके दिवशी वडिलांबरोबर त्यांची कुत्री आली, तर हेलन तिच्याजवळ बसली आणि तिचा पंजा हातात घेऊन बोटे हलवू लागली. बाईंनी जवळ जाऊन पाहिले तो हेलन कुत्रीला बाहुली हा शब्द शिकवीत होती! शिकलेले दुसऱ्याला शिकवावेसे वाटणे ही शिक्षणाची फार पुढची पायरी, आणि अर्थ कळण्याआधीच हे मूल ती चढू पाहत होते.

20 मार्च 1887 रोजी बाईंनी मोठ्या आनंदाने पत्र लिहिले. चमत्कार झाला, असे त्यांना वाटत होते. तो चमत्कार कोणता? उधळलेले मूल शांत झाले होते आणि त्यांच्याजवळ स्वस्थ बसले होते. एवढेच. त्याच तारखेला बरोबर चाळीस वर्षांनी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हा निव्वळ तारखांचा योगायोग आहे, आणि दोन घटनांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. पण 20 मार्च हा दिवस पाळणाऱ्या घरांतून या छोट्या चमत्काराचीही आठवण निघावी, असे आम्हांला मनापासून वाटते.

दोन आठवड्यांनी दोघी घरी परतल्या. जेवताना हेलनने पुन्हा रुमाल भिरकावून परीक्षा पाहिली. बाईंनी ताट उचलून नेले. दुसऱ्या दिवशी हेलन आली ती रुमाल नेहमीप्रमाणे मागे टाचून नव्हे, तर स्वतःच्या युक्तीने हनुवटीखाली खोवून. चालेल ना, असे जणू ती विचारीत होती. बाईंनी ते चालवून घेतले. नियम कोठे ताणावा आणि कोठे सैल सोडावा, हे त्या अशा जागी शिकत होत्या. 31 मार्च रोजी त्यांनी मोजून लिहिले : अठरा नामे आणि तीन क्रियापदे. वही ठेवणाऱ्या शिक्षिकेलाच असा हिशेब सांगता येतो.

अडचण मग आणि दूध या शब्दांपाशी आली होती. भांडे कोणते, पेय कोणते आणि पिणे म्हणजे काय, याचा हेलनच्या बोटांत गोंधळ होत असे. 5 एप्रिलच्या सकाळी बाई तिला हातपंपापाशी घेऊन गेल्या. एका हातात मग, त्यावर गार पाण्याची धार, आणि दुसऱ्या तळहातावर पाणी या शब्दाची अक्षरे. हेलन थबकली. तिच्या हातातून मग पडला. आजारापूर्वी बोबड्या बोलीत ती पाण्याला जे काही म्हणत असे, त्याची पुसट खूण कोठेतरी शिल्लक होती. ती जागी झाली. वस्तूला नाव असते! तिने जमिनीला हात लावून नाव विचारले, पंपाचे विचारले, आणि मग वळून बाईंचे नाव विचारले. काही तासांत तीस नवे शब्द तिच्याकडे आले. त्या रात्री तिने आपण होऊन बाईंच्या कुशीत शिरून त्यांचा पहिला पापा घेतला.

पाण्याची धार कोणाच्या ओंजळीत पडते आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगला आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शाळेत शिपाई वरून पाणी ओतील तेव्हाच लहानग्या भीमरावाची तहान भागत असे. एका मुलाला पाणी मिळण्यासाठी कोणीतरी दुसरे माणूस हजर असावे लागते, ही तेथे जुलमाची गोष्ट होती. टस्कम्बियाच्या पंपापाशी मात्र दुसऱ्या माणसाचा हात मुक्तीचा झाला.

त्यानंतर पाचच दिवसांनी बाईंनी एक निर्णय घेतला, तो आम्हां शिक्षकांनी नीट पाहावा. हेलनच्या एका नातेवाइकाचे पंधरा महिन्यांचे मूल त्यांनी पाहिले. त्या मुलाशी मोठी माणसे पूर्ण वाक्यांत बोलत होती. त्याला सारे बोलता येत नव्हते, पण कळत होते. बाईंनी ठराविक वेळेचे, ठराविक शब्दांचे धडे बंद केले. बाळाच्या कानात बोलावे तसे त्या दिवसभर हेलनच्या तळहातात बोलू लागल्या. शेतात, नदीकाठी, झाडावर चढताना, कोंबडीच्या अंड्यातून पिलू बाहेर पडताना. आईनेही ती लिपी शिकून घेतली. 17 जून रोजी, म्हणजे बाई आल्यापासून साडेतीन महिन्यांत, हेलनने पेन्सिलीने आपल्या नात्यातील एका बहिणीला पहिले पत्र लिहिले. पुढे एकदा मणी ओवताना हेलन चुकत होती. तेव्हा बाईंनी तिच्या कपाळाला बोट लावून विचार हा शब्द लिहिला. डोक्यात जे चालले आहे त्याला हे नाव, हे त्या मुलीला त्या क्षणी कळले. डोळ्यांना न दिसणारी वस्तूही शब्दात मावते, हे तिला असे शिकता आले.

मोठी प्रसिद्धी आली ती आपल्याबरोबर मोठा धोका घेऊन आली. पर्किन्सच्या अहवालांतून हेलनची वर्णने फुगवून येऊ लागली. बाईंना ते पसंत नव्हते. त्या मुलीला कौतुकाची वस्तू होऊ देऊ इच्छित नव्हत्या. 1891 साली हेलनने अनाग्नोस यांना एक गोष्ट लिहून भेट दिली. ती पूर्वी छापलेल्या एका गोष्टीशी जुळते, असे उघडकीस आले. ती गोष्ट हेलनच्या हातावर केव्हातरी वाचली गेली होती आणि स्मृतीत बुडून राहिली होती. पण अकरा-बारा वर्षांच्या त्या मुलीला बाईंपासून दूर बसवून मोठ्या माणसांच्या समितीने प्रश्न विचारले. मते समसमान पडली आणि संचालकांच्या मताने ती सुटली. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांचाच विश्वास पुढे उडाला. मुलाचा बोभाटा करून मिळविलेला अभिमान असा उलटतो. रुमालाच्या घडीचा आनंद कधी कोणावर उलटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. 1890 साली हेलनने सेरा फुलर यांच्याकडे बोलण्याचे धडे घेतले. 1900 साली तिला रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश मिळाला. चार वर्षे बाई तिच्या शेजारी बसून व्याख्याने तिच्या तळहातात उतरवीत राहिल्या. जी पुस्तके ब्रेलमध्ये नव्हती ती स्वतः वाचून सांगत राहिल्या. आपल्या अधू डोळ्यांची त्यांनी राखरांगोळी केली. 1904 साली हेलनला सन्मानासह पदवी मिळाली. तेच सारे अभ्यासक्रम ज्यांच्या बोटांतून गेले त्या बाईंना कोणतीही पदवी मिळाली नाही. 1905 साली त्यांनी जॉन मेसी यांच्याशी विवाह केला. काही वर्षांनी दोघे वेगळे झाले. व्याख्यानांचे दौरे, रंगमंचावरील कार्यक्रम, अंधांसाठीच्या संस्थेचा निधी, अशी कामे दोघींनी बरोबरीने केली. 1916 साली हेलनने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला देणगी आणि पाठिंब्याचे पत्र पाठविले, तेव्हा अलाबामातील स्वकीय रागावले. मार्थाबरोबर वाढलेली मुलगी योग्य बाजूला उभी राहिली, याचा आम्हांला आनंद आहे.

एक गोष्ट मात्र बाईंनी फार काळ मनात दाबून ठेवली. आपण दरिद्रालयात वाढलो, हे त्यांनी उतारवयापर्यंत हेलनलाही सांगितले नव्हते. ज्या दोघींचे हात आयुष्यभर एकमेकींच्या हातांत होते, त्यांच्यातही लाजेची एवढी मोठी भिंत होती. जात लपवून शहरात भाड्याची खोली घेणाऱ्या आमच्या पिढीतील माणसांना ही भिंत परिचित आहे. 1933 साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि ट्यूक्सबरीचे दिवस जगासमोर आले. त्यामुळे त्यांची उंची तसूभरही कमी झाली नाही. उलट ती किती खोलातून उभी राहिली होती हे लोकांना प्रथमच दिसले. टेम्पल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्यांनी आधी नाकारली, आणि आग्रहानंतर 1932 साली स्वीकारली. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, आणि हेलन त्यांना ब्रेल शिकवू लागल्या. 20 ऑक्टोबर 1936 रोजी ॲन सुलिव्हन यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. 1968 साली हेलनच्या अस्थीही तेथेच आल्या.

आता दाराबाहेरच्या त्या मुलाकडे परत येऊ.

प्रत्येक मूल हेलन होणार नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. तसे सांगितले नाही तर हे चरित्र पालकांच्या छातीवर आणखी एक दगड ठेवील. 1891 साली हेलनची आवडती कुत्री मारली गेली. तिला दुसरी घेऊन देण्यासाठी लोक पैसे पाठवू लागले, तेव्हा तिने ते पैसे टॉमी स्ट्रिंगर या अंध आणि बहिऱ्या गरीब मुलाच्या शिक्षणाला द्यायला सांगितले. टॉमी पर्किन्सला आला. तो विद्वान झाला नाही. त्याने ग्रंथ लिहिले नाहीत. तो सुतारकामात तरबेज झाला आणि आपल्या हातांनी नेटक्या वस्तू घडवू लागला. त्याचे नाव पाठ्यपुस्तकात नाही. पण ज्या दिवशी त्याने पहिली फळी सरळ कापली असेल, तो दिवस हातपंपाच्या दिवसाहून कमी होता, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आपल्या परंपरेत चुल्लपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावाने त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याच्या हातात एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळीत राहायला सांगितले. त्याला पेलेल असे काम आणि त्याच्या गतीने जाणारा वेळ, एवढेच त्याला हवे होते. भावाची करुणा गाथेच्या पाठांतरापाशी संपली होती. तथागतांची तेथून सुरू झाली.

मूल अपंग जन्मले की आपल्या वस्त्यांतही अजून कुजबुज होते. कोणाचे तरी मागील जन्माचे पाप आहे, आईने ग्रहणात काही चिरले असेल, कोणाची तरी नजर लागली असेल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त का नाकारला, हे आपण वर्षावासात वाचतो आणि घरी आल्यावर विसरतो. जो सिद्धान्त आपल्या अस्पृश्यतेला पूर्वकर्माचे फळ म्हणत होता, तोच त्या मुलाच्या आईलाही दोषी ठरवितो. पहिला खोटा असेल, तर दुसराही खोटाच. तसेच ते मूल दैवी अंशही नाही. ते मूल आहे. त्याला शिकायचे आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने निर्धारित प्रमाणात अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ही दया नाही, हा हक्क आहे, आणि तो मागायला ट्यूक्सबरीच्या त्या मुलीसारखे घोळक्यात घुसावे लागले तर घुसावे.

आम्ही पालकांना एक छोटी विनंती करतो. घरी दोनशे पानी वही आणा. ज्या दिवशी मुलाने स्वतःहून भाकरीचा तुकडा मोडला, बुद्धवंदनेला हात जोडले, आजीच्या आवाजाकडे मान वळविली, चपलेचा पट्टा लावला, त्या दिवसाची तारीख टाका आणि एक ओळ लिहा. त्या दिवशी घरात खीर करा. शेजाऱ्यांनी कारण विचारले तर संकोच न करता सांगा. निराशेच्या रात्री ही वही उघडली, म्हणजे रस्ता किती चालून झाला हे दिसेल.

आणि स्वतःलाही आम्ही एक कबुली देणे लागतो. आजवरच्या आमच्या स्मरणिकांत गुणवंतांची छायाचित्रे आली, अधिकारी झालेल्या माजी विद्यार्थ्यांचे सत्कार आले. ते योग्यच होते. पण रुमालाच्या घडीसाठी आम्ही कधी एक ओळही राखून ठेवली नाही. पुढच्या स्मरणिकेत ते पान असावे. पालकांनी आपल्या वहीतील एकेक ओळ आमच्याकडे पाठवावी. आणि जूनमध्ये प्रवेशासाठी याल, तेव्हा दोन्ही मुलांना आत घेऊन या.